मुरमाची पट्टी

कोल्हापूर,
रविवार, रात्री

प्रिय विल्या,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, त्याचं मनाला लागून राहिलंय. गुडघा बरा आहे, शुगर आटोक्यात. आज लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणानं.

परवा नाशिकला भाच्याकडं होतो. त्यानं शिराज द्राक्षाच्या लाल वाइनचे दोन ग्लास पुढं ठेवले. वाण एक, हंगाम एक, करणारा हात एक. पहिली वाइन फिकी, पाणचट. दुसरी गडद, तुरटपणा जिभेवर रेंगाळणारा, मागून काळ्या मिरीचा वास. "पहिली काळ्या रानातली, मामा. दुसरी मुरमाच्या उतारावरची." विल्या, मला आपलं गुऱ्हाळच दिसलं! नदीकाठच्या मळीच्या रानातला गूळ आणि माळावरचा गूळ. तू म्हणायचास गुळव्याचा हात, मी म्हणायचो जमीन. त्यावरून आठ दिवस बोलला नव्हतास. ढेप फोडताना अंगठा ठेचला तेव्हाही दोष गुळव्यालाच दिलास!

मातीची चव मुळांतून मण्यात चढत नाही म्हणे, सगळा खेळ पाण्याचा. काळी जमीन पाणी धरते, वेल माजते, मणी फुगतात, रस पातळ होतो. मुरमात पाणी ठरत नाही, मणी बारीक राहतात, रसाच्या मानानं साल जास्त. आणि लाल वाइनचा रंग, तुरटपणा येतो तो सालीतून. फ्रान्सात बोर्दोला नदीच्या डाव्या तीरावर गोट्यांची जमीन. ती निचऱ्याची, लवकर तापणारी, म्हणून कॅबर्ने ही उशिरा पिकणारी द्राक्षाची जात तिथं पिकते. उजव्या तीरावरच्या थंड चिकणमातीत मर्लो ही दुसरी जात.

आणि मी आबांची पन्हाळ्याच्या वाटेवरची मुरमाड पट्टी विकायला काढलीय! विसारही घेतलाय. "हितं कुसळ उगवंना" म्हणत आबा गेले. तेव्हापासून झोप नाही. विसार परत करून तिथं वाइनची द्राक्षं लावावीत असं फार वाटतं. पण ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, केली की आपल्याकडं परतीचा पाऊस, कोवळ्या फुटीवर केवडा रोग पडायचा. शिवाय नाशिकला माल पिकतो तेव्हा दिवसा ऊन, रात्री गारठा, म्हणून द्राक्षातला आंबटपणा टिकतो. आपल्या फेब्रुवारीच्या रात्री तेवढ्या गार कुठं? सुमन म्हणते, विकून मोकळे व्हा. ती चुकीचं बोलत नाही, म्हणूनच जास्त घोर लागलाय.

चिनूचं लग्न ठरलं हे ऐकून फार आनंद झाला. साखरपुड्याला आम्ही दोघं नक्की येतो. वहिनींना नमस्कार.

गिऱ्हाइकाला महिनाअखेर काय ते सांगायचंय. त्याआधी ये. पट्टीत दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन मुरूम किती खोल आहे ते बघू. कुदळ, टिकाव मी ठेवतो. सुमन तांबडा-पांढरा करेल.

तुझाच,
दिनकर