रायफल चकचकीत केलीत, पण नंबर कुठे गेला?

नमस्कार साहेब,

जूनमध्ये आमच्या आजोबांची .३१५ रायफल तुमच्याकडे दिली होती, काम काय सांगितलं तर गंज काढा, ब्लूइंग, म्हणजे लोखंडावरचा निळसर-काळा थर, परत करा आणि लाकडाला नुसतं जवसाचं तेल लावा, बस. जॉब कार्डवर तुमच्याच माणसाने हे लिहिलंय. शनिवारी न्यायला आलो तेव्हा काउंटरवर अशी चमकत होती की शेजारचं गिऱ्हाईकपण "वा" म्हणालं, मीही घाईत साडेअठरा हजार भरले आणि नौपाड्याला घरी आलो. तिथेच नीट बघायला हवी होती, ती चूक माझी.

घरी खिडकीशी धरली तर रिसीव्हरवरच्या, म्हणजे नळीमागच्या लोखंडी भागावरच्या, नंबराचे पहिले दोन आकडे आणि शेवटचा एवढंच वाचता येतंय, मधल्या जागेवर नख फिरवलं तरी काही लागत नाही. कडा गोल झाल्यात, स्क्रूच्या भोकांभोवती खळगे पडलेत, म्हणजे हाताने पॉलिश पेपर न मारता सरळ मशीनच्या बफिंग व्हीलवर धरलीत ना?

अहो, आचारसंहिता लागली की ही पोलीस स्टेशनला जमा करावी लागते, २०२४ ला लोकसभेला एकदा आणि विधानसभेला एकदा नेऊन दिलीय, हवालदार लायसन्स हातात धरून एकेक आकडा जुळवतो. आता त्याला काय दाखवू? आणि फोनवर तुमचा माणूस काय म्हणतो, "आणा, नंबर परत पंच मारून देतो." हत्यारावरचा नंबर पुसणं, बदलणं हा शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ८ चा मामला आहे, हे मी तुम्हाला सांगायचं का?

दुसरं म्हणजे पितळी पट्टी. आजोबांची मुरबाडला शेती, रानडुकरांसाठी रायफल घेतलेली, एकदा बैलगाडीतून पडून दस्त्याला चीर गेली तेव्हा तांबटाने चार चुका ठोकून पट्टी बसवून दिली. दसऱ्याला आई तिथेच हळदकुंकू लावते, कडेला हळद अडकून वर्षभर पिवळी रेघ दिसायची. ती पट्टी तुम्ही उपटलीत, चीर एपॉक्सीने भरलीत आणि वरून मेलामाईन मारलंत, डायनिंग टेबलासारखं! कोणी सांगितलं होतं?

रायफल परत तुमच्या हातात देणार नाही. नंबर तुमच्या बफिंगमध्ये झिजला असं जॉब कार्डच्या तारखेसकट लेटरहेडवर सही-शिक्क्याने लिहून द्या, मला ते पोलिसांच्या परवाना शाखेत द्यायचंय. पैसे परत करा. आठ दिवसांत काही झालं नाही तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार टाकतो, मग ग्राहक आयोग आहेच.

आणि पट्टी शोधा. भंगारात गेली असेल तर तसं स्पष्ट सांगा, दसऱ्याच्या आधी मला आईला सांगावं लागेल.

तुमचा ग्राहक,
नौपाडा, ठाणे