काकू, ओट्यावरच्या वजनकाट्याबद्दल

ती. काकूंना,
सा. न. वि. वि.

मधुमेहाच्या आहाराचे तक्ते आम्ही तिघी आहारतज्ज्ञ लिहितो. त्यात ‘एक पोळी, एक वाटी भाजी’ असं असतं आणि तिथेच घोडं पेंड खातं. कुणाची पोळी म्हणजे २० ग्रॅम पिठाचा फुलका, तर कुणाची ४५ ग्रॅमची, तेलाचं बोट फिरवलेली घडीची. तुम्ही पोळी-भाजी केंद्राच्या ओट्यावर वजनकाटा ठेवलात आणि लाटणाऱ्या बायकांना एकच आकडा पाठ करायला लावलात: गोळा ४० ग्रॅम. २५ ग्रॅम पिठाला साधारण १५ ग्रॅम पाणी लागतं, म्हणून ४०. त्या फुलक्यात १६-१७ ग्रॅम कर्बोदकं असतात, आजही आणि पुढच्या गुरुवारीही. डॉक्टरांना औषधाची मात्रा बसवता येते ती या सारखेपणामुळे. हे अनावृत पत्र त्यासाठी आहे. इतर केंद्रवाल्यांनीही ते वाचावं, असा आमचा थोडा स्वार्थही त्यात आहे.

तुमच्या नेहमीच्या थाळीचा हिशेब आपण एकदा मांडला होता. ३० ग्रॅम पिठाच्या तीन पोळ्यांचे ६० ग्रॅम, शिजलेल्या १५० ग्रॅम भाताचे ४२, वाटीभर वरणाचे १४, बटाट्याच्या भाजीचे १६. एका जेवणात १३० ग्रॅमच्या वर कर्बोदकं झाली. ‘कमी कर्बोदकांचा आहार’ म्हणतात तो साधारणपणे अख्ख्या दिवसाला १३० ग्रॅमच्या आतला. म्हणजे रात्रीचं जेवण, चहा आणि पोहे यायच्या आधीच दिवसाचा कोटा संपलेला.

मधुमेहींसाठीच्या तुमच्या डब्यात आता एक फुलका, २० ग्रॅम सुक्या मटकीची उसळ, २५० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम पनीर किंवा दोन अंडी, १०० ग्रॅम दह्याची कोशिंबीर आणि चमचाभर दाण्याची चटणी असते. कर्बोदकं ४० ग्रॅमच्या आसपास, आणि पनीर असेल त्या दिवशी प्रथिनं ३० ग्रॅमच्या आसपास. अंड्यांच्या दिवशी प्रथिनं पाच-सहा ग्रॅमने उतरतात, तेव्हा तिसरं अंडं घालण्याची तुमची सूचना रास्त आहे. भाजीचं वजन २५० ठेवण्याचा हट्ट तुमचा होता. आम्ही १५० लिहीत होतो आणि तिथे आमचं चुकत होतं. पोळ्या आणि भात काढले की ताटात खड्डा पडतो. तो भाजी, प्रथिनं आणि थोड्या तेला-तुपाने भरला नाही, तर माणूस चार वाजता बिस्किटाचा पुडा फोडतो आणि दोष पथ्याला देतो. दोडका, पडवळ, दुधी, कोबी, फ्लॉवर, भेंडी, गवार, वांगी आणि सगळ्या पालेभाज्या या मापात बसतात. बटाटा, रताळं, सुरण, कच्चं केळं आणि मका बसत नाहीत. मटार मूठभर चालतात.

भाकरीवर मात्र तुम्हाला गिऱ्हाइकांशी भांडावं लागलं. ‘शुगर आहे म्हणून पोळी सोडली, ज्वारीची भाकरी खातो’ हे वाक्य दर तिसऱ्या माणसाच्या तोंडी असतं. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात ६७-६८ ग्रॅम कर्बोदकं असतात, गव्हाच्या पिठाइतकीच. हातावर थापलेली दणदणीत भाकरी ८० ग्रॅम पिठाची असते. म्हणजे ५४ ग्रॅम कर्बोदकं, तुमचे तीन फुलके. भाकरी वाईट नाही, ती फक्त मोठी असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे आहाराविषयीचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले, तेही हेच सांगतात. आपल्या जेवणातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, आणि पांढऱ्या तांदळासारख्या कर्बोदकांच्या जागी गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ आणल्याने मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. एकूण माप उतरावं लागतं. बाजारातल्या ‘डायबेटिक’ आट्याचंही तसंच आहे. पाकिटाची पुढची बाजू सोडून मागे ‘प्रति १०० ग्रॅम कार्बोहायड्रेट’ वाचायची सवय तुम्ही गिऱ्हाइकांना लावलीत, ते फार बरं झालं.

आता आम्हाला न सुचलेल्या गोष्टी. आमटीत गूळ घालू नका, एवढंच आम्ही सांगितलं. सुपारीएवढा खडा म्हणजे १० ग्रॅम गूळ, त्यात जवळजवळ सगळी साखरच. गूळ काढल्यावर आमटी आंबटढाण झाली, डबे परत यायला लागले आणि आम्ही ‘सवय होईल’ म्हणत बसलो. तुम्ही चिंचच काढून टाकलीत. चिंच घातली की ती गूळ मागते, आमसूल तेवढा मागत नाही. पीठ पेरून केलेल्या भाज्यांचंही तसंच. सिमला मिरचीला किंवा मेथीला दोन मोठे चमचे डाळीचं पीठ लागलं, तर दहाएक ग्रॅम कर्बोदकं कुणाच्या नजरेत न येता पोटात जातात. अळूच्या फदफद्याला आणि कढीला पीठ लावतात, त्याचीही तीच गत. तुम्ही पिठाऐवजी दाण्याचं कूट किंवा वाटलेलं ओलं खोबरं वापरता. चव निराळी येते, पण मूळ चवीच्या आठवणीने कुणी हळहळत नाही. कोशिंबिरीतली चिमूटभर साखर काढण्यावरून स्वयंपाकघरात जो वाद झाला, त्यात आम्ही तुमच्या बाजूने होतो, हे इथे नोंदवून ठेवतो.

उपवासाच्या दिवशी ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण साखर तपासायच्या मीटरवर दिसते. ६० ग्रॅम कोरड्या साबुदाण्याची खिचडी म्हणजे ५० ग्रॅमच्या वर निव्वळ पिष्ट, त्यात बटाटा वेगळा. वरई, राजगिरा आणि शिंगाडा पवित्र असतील, पण कर्बोदकांच्या बाबतीत ती धान्याचीच भावंडं. तुमचा चतुर्थीचा डबा, म्हणजे लाल भोपळ्याची तुपातली भाजी, दाण्याची आमटी, खमंग काकडी, दही आणि जिऱ्यावर परतलेलं पनीर, पाहिल्यावर आम्ही आमच्या तक्त्यातलं उपवासाचं पानच बदललं.

डब्याच्या पुडांचा क्रमही तुमचाच. वरच्या पुडात कोशिंबीर आणि भाजी, मधल्यात उसळ आणि पनीर किंवा अंडी, सगळ्यात खाली फुलका. भाजी आणि प्रथिनं आधी आणि पीठ शेवटी खाल्लं, तर जेवणानंतरची साखर कमी चढते, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. पण हे तोंडाने सांगून कुणी करत नाही. डबा उघडताना वरचा पूड आधी हाताला येतो, म्हणून ते आपोआप घडतं.

सगळ्यात मोठे आभार तुमच्या वहीतल्या ‘गोळी कोणती?’ या रकान्याचे. डबा सुरू करण्याआधी तुम्ही औषधांचं नाव विचारता आणि डॉक्टरांना कळवल्याशिवाय पहिला डबा देत नाही, त्यामुळे काही गिऱ्हाइकं रागावतात. रागावू द्या. ग्लिमेपिराईड किंवा ग्लिक्लाझाईड घेणाऱ्याच्या, किंवा इन्सुलिन टोचणाऱ्याच्या जेवणातली कर्बोदकं १३० वरून ४० वर आली आणि मात्रा तीच राहिली, तर साखर ७० च्या खाली घसरू शकते. घाम, थरथर, गोंधळ सुरू होतो. मात्रा डॉक्टरांनी ठरवायची आणि तीही डबा सुरू होण्याआधी. नुसत्या मेटफॉर्मिनवर हा धोका फारसा नसतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांची अडचण वेगळी. त्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्यात कर्बोदकं फारच खाली नेली, तर रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) साचू शकतात, आणि मीटरवरचा आकडा तेव्हा फारसा वाढलेलाही नसतो. मळमळ, पोटदुखी, धाप लागली, तर आकडा बघत न बसता रुग्णालय गाठायचं. मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण, बाळाला पाजणं, टाईप १ मधुमेह, यांपैकी काही असेल तर तुम्ही सरळ आमच्याकडे किंवा डॉक्टरांकडे पाठवता, तसंच चालू ठेवा. रक्तदाबाच्या गोळ्यांचाही रकाना घाला. पहिल्या काही आठवड्यांत शरीरातलं मीठ-पाणी जास्त निघून जातं आणि उठताना चक्कर येऊ शकते.

झाकणावर चिकटवलेल्या चिठ्ठीत एक दुरुस्ती हवी. ‘साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा’ हे बरोबर आहे. पण वोग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांना साखर लवकर लागू पडत नाही, कारण ती गोळी साखरेचं विघटनच लांबवते. त्यांच्या चिठ्ठीवर ‘१५ ग्रॅम ग्लुकोज पावडर’ असं लिहा.

गिऱ्हाइकांच्या तक्रारींची तुम्हाला उत्तरं द्यावी लागतात, त्यांपैकी काही तुमच्या माथी नाहीत. जेवणानंतरची साखर उतरली तरी सकाळची उपाशीपोटीची आठवडेच्या आठवडे चढी राहू शकते. रात्री यकृत साखर सोडत असतं, डब्याचा त्यात दोष नाही. साखर झपाट्याने उतरली की काही आठवडे नजर धूसर होते. तेवढ्यात नवा चष्मा करू नये. बद्धकोष्ठ झालं, तर भाजी डब्यात उरते आहे का ते आधी विचारा, मग पाण्याचं बघा. मीटरवर आकडा अचानक २०० च्या पुढे आला, तर हात साबणाने धुऊन पुन्हा तपासायला सांगा. आंबा चिरलेलं बोट खोटं बोलतं. तपासायचं पहिल्या घासाच्या आधी आणि त्यानंतर दोन तासांनी. आणि तुपाचा हात सैल सुटलाय असं वाटलं, तर तीन महिन्यांनी कोलेस्टेरॉल बघायला सांगा. काहींचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, या आहारात वाढतं.

कळावे, लोभ असावा.

तुमच्या,
तक्ते पाठवणाऱ्या तिघी आहारतज्ज्ञ

ता. क. काटा दर सोमवारी तपासून घ्या. रिकामं भांडं ठेवून शून्य करा, मग मापाने १०० मिली पाणी ओता. १०० च्या आसपास आलं तर ठीक. ९० किंवा ११० दाखवलं, तर त्या दिवशी फुलके अंदाजाने न करता शेजारच्या किराणा दुकानातून काटा मागून आणा.