नाना, आखाजीचे बोर्ड पोचले!

नाना मिस्त्रींना सा. न. वि. वि.

तुम्ही फोन उचलत नाही, आणि दुकानात यावं तर मशीनच्या आवाजात काही ऐकू येत नाही. म्हणून आभार सगळ्यांसमोरच मानते.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नणंदा माहेरी आल्या. यंदा साडीऐवजी प्रत्येकीच्या हातात नक्षीचा लाकडी चॉपिंग बोर्ड ठेवला. "घरात विळी असताना ही फळी कशाला?" असं सासूबाई आधी म्हणत होत्या. सागाचे पिवळसर आणि शिसमाचे काळपट चौकोन पाहिल्यावर आता त्यांनाही एक हवाय!

दोन्ही लाकडांच्या पट्ट्या एकाआड एक चिकटवायच्या, फळी वाळली की आडवी कापायची, सगळे तुकडे कापलेली बाजू वर येईल असे वळवायचे आणि दर दुसरा उलटा फिरवून पुन्हा चिकटवायचे. मग लाकडाच्या रेषांची टोकं वर येतात, सुरी तंतूंच्या मधे शिरते आणि धारही टिकते. एवढं कोणीही सांगितलं असतं. पण पाडलेल्या धाब्याच्या घराची सागाची तुळई मला दुसऱ्या कोणी दिली नसती. कापण्याआधी तिच्यावर तुम्ही लोहचुंबक फिरवत होतात. एका जागी तो टक्कन चिकटला, तुम्ही पटाशीने तिथं कोरलंत आणि गंजून मोडलेलं खिळ्याचं टोक माझ्या तळहातावर ठेवलंत. "पात्याचे पैसे वाचले," एवढंच बोललात. जुनं लाकूड का, असं विचारलं तर म्हणालात, "हे हलून हलून दमलंय आता."

धाकटीच्या बोर्डाला चारी बाजूंनी चौकट हवी, असा माझा हट्ट होता. तुम्ही साफ नाही म्हणालात. आपल्याकडच्या मे महिन्यात लाकूड सुकतं, पावसाळ्यात फुगतं. असा बोर्ड लांबी-रुंदी दोन्हीकडे फुगतो, चौकटीची पट्टी मात्र लांबीत जवळजवळ वाढत नाही. मग सांधा तरी उघडणार, नाहीतर बोर्ड तरी तडकणार. मी जरा फुगलेच होते, लाकडासारखी. तुम्ही न बोलता कडा गोल करून दिल्यात, आणि खरं सांगायचं तर तोच बोर्ड सगळ्यांत देखणा दिसतो.

खाण्याचं तेल लावलं तर पुढे खवट होतं, म्हणून तुम्ही मेडिकलमधून लिक्विड पॅराफिन आणायला लावलंत. बाटली मोठी मागितल्यावर दुकानदाराने काळजीने विचारलं, "घरात कोणाचं पोट साफ होत नाहीये का?"

लाकडाचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. ठीक आहे. रविवारी मुलगा काकूंसाठी एक बोर्ड घेऊन येतोय, तो परत पाठवायचा नाही. काकूंना सांगा, धुतल्यावर लगेच पुसून उभा ठेवा, पाण्यात भिजत टाकू नका. आणि तुमच्याकडची शिसमाची उरलेली पट्टी कोणाला देऊ नका, सासूबाईंचा बोर्ड बाकी आहे.

तुमची,
मागच्या गल्लीतली वहिनी, जळगाव