३७ टाकलं की ६९ का येतंय

सोनू,

रात्रीचे पावणेबारा झालेत, सेकंड शिफ्ट करून आत्ताच आलोय, मम्मी झोपलीय. रविवारी फोनवर जे झालं ते डोक्यातनं जाईना म्हणून लिहितोय. फी किती भरलीय ते तोंडातनं निघायला नको होतं. निघालं. त्यावर तू "तुम्हाला त्यातलं काय कळतंय" म्हणून फोन ठेवलास, त्याचा राग नाही, खरंच कळत नव्हतं. पण नंतरचे तीन दिवस तू मेसेज बघतीस आणि दोन शब्दांपलीकडं काहीच लिहीत नाहीस, हे सोसवत नाही बघ. तू गप्प बसलीस की मला आपले नाना आठवतात, ते पण असेच गप्प बसायचे. जास्त लिहीत नाही.

परीक्षेत ३० पैकी ९ पडले तर पडले, मार्कांवर बोलायचं नाही असं ठरवूनच बसलोय. सिव्हिलला जाऊन पूल बांधायचेत तर ती प्रोग्रामिंगची सी भाषा कशाला शिकायची हे तुझं म्हणणं मला निम्मं पटतंय. पण पहिल्या वर्षाला सगळ्याच ब्रँचला आहे म्हटल्यावर भांडून काय होणार.

आता खरं सांगतो. तू फोनवर रडत रडत म्हणालीस ना, सेल्सिअसचं फॅरनहाइट करायचा साधा प्रोग्राम, ३७ टाकलं की ९८.६ यायला पाहिजे आणि ६९ येतंय, एररपण दाखवत नाही. ते मी नंतर जॉब कार्डच्या मागं लिहून ठेवलं, ९ भागिले ५ गुणिले सेल्सिअस अधिक ३२. चार वेळा हाताने केलं, ९८.६ च येतंय. मग काल जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडं तो नवीन डिप्लोमाचा पोरगा आहे त्याला दाखवलं. त्यानं घास पण खाली ठेवला नाही. म्हणाला काका, ९ आणि ५ दोन्ही पूर्णांक लिहिलेत, मग सी भागाकार पण पूर्णांकातच करतो, १.८ मधला ८ टाकून देतो, राहिला १. सदतीस एके सदतीस आणि बत्तीस, एकोणसत्तर. फक्त ९.० लिहा म्हणाला. एवढंच. एक पॉइंट.

मी मोठ्यानं हसलो, त्याला वाटलं काका बिघडले. कारण त्याच पॉइंटनं मला एकदा रडवलंय, तुला कधी सांगितलं नाही.

२००४ ची गोष्ट, तू अजून व्हायची होतीस. शिरोली एमआयडीसीत तेव्हाच्या मालकानं पहिलं सीएनसी, म्हणजे आकडे लिहून चालवायचं मशीन, आणलं. मी अकरा वर्षं हाताच्या लेथवर काढलेली, चिपांच्या, म्हणजे कापून निघालेल्या सालींच्या, रंगावरनं स्पीड जास्त झाला का ते सांगायचो, लोक बघायला यायचे, थोडा माज पण होता म्हण. शिकवायला माणूस आला तीन दिवस, सगळं हिंदी-इंग्लिशमध्ये. फळ्यावर तो आकड्यांच्या पुढं टिंब द्यायचा. मला वाटलं वाक्य संपल्यावर देतात तसं असेल. तिन्ही दिवस प्रश्न जिभेवर होता, सर हे टिंब कशाला. पुढच्या बाकावर सगळी डिप्लोमाची पोरं, मी मराठी शाळेतला आयटीआय टर्नर, हसतील म्हणून गप्प बसलो.

चौथ्या दिवशी मी एकटा मशीनवर. फेसिंग, म्हणजे तोंड सपाट करणं, झालं, आता टूल जॉबपासनं, म्हणजे कापायच्या तुकड्यापासनं, १०० एमएम लांब न्यायचं, मग टरेट, म्हणजे टूल बसवलेलं डोकं, फिरवून पुढचं टूल घ्यायचं. मी लिहिलं जी झिरो झिरो झेड १००. टिंब नाही. त्या कंट्रोलला टिंब नसलं की आकडा मायक्रॉनमध्ये जातो, १०० म्हणजे ०.१ एमएम. टूल जागचं हललंच नाही म्हण की, आणि टरेट तिथंच फिरला. बोरिंग बार, भोक मोठं करायचं लांब टूल, जॉबवर बसला. तो आवाज अजून झोपेत येतो मला. होल्डर तुटला, टरेट सेटिंगमधनं गेला, मशीन आठ दिवस बंद. पैसे पगारातनं कापले.

पैशाचं नाही सांगत. पंधरा दिवस मी मम्मीला काही बोललो नाही. घास उतरत नव्हता. डबा भरलेला परत न्यायला नको म्हणून तावडे हॉटेलच्या पुलाखाली कुत्र्यांना घालायचो आणि घरी जाऊन भाजी छान होती म्हणायचो. म्हणून तू काल "जेवले मी" असं दोन शब्दांत लिहिलंस ना, ते मला खरं वाटत नाही. खरं असेल तर सॉरी.

नंतर माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान पोरानं शिकवलं. जॉब काढून ठेवायचा, सिंगल ब्लॉक लावायचं, एकेक ओळ चालवायची, हात फीडच्या, म्हणजे टूल सरकायच्या वेगाच्या, नॉबवर, पुढं काय होणार ते आधी तोंडानं बोलायचं मगच बटण दाबायचं. ड्राय रन म्हणतात. गणपतीत तुझी वही चाळली तर त्यात पण ड्राय रन लिहिलेलं! मग करत जा की. कागद घे, प्रोग्राममधल्या i चा एक रकाना, sum चा एक, लूप एकदा फिरला की किती, दुसऱ्यांदा किती, पेन्सिलीनं लिही, आधीच कीबोर्डवर पडू नकोस. सगळी पोरं एआयकडनं फाईल लिहून घेतात म्हणालीस, घेऊ देत, तू पण त्याला विचार, फक्त करून दे म्हणू नकोस, का असं येतंय ते विचार, परीक्षेत तो शेजारी बसणार नाहीये आणि

झालं, लेक्चर सुरू झालं माझं. माफ कर.

लॅबमध्ये तू "सर, मी करतो" म्हणालीस आणि मागच्या मुली हसल्या, हे मम्मीला सांगितलंस, मला नाही. त्या दिवसापासनं तू हात वर करत नाहीस हे पण मम्मीकडनंच कळलं. अगं निम्म्या कोल्हापूरच्या बायका येतो-जातोच म्हणतात. तुझी आजी सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभी राहून "मी सही करत नाही, मी निघालो" म्हणाली होती, कुणाची हसायची टाप नव्हती. आता तिथं जरा बदलून बोललीस तरी हरकत नाही. हसले तर हसू देत. पण विचार. सरांना नाही तर रूममेटला विचार, तिला नाही तर मला, मी त्या पोराला विचारतो, त्याला रोज एक चहा पाजला की झालं.

चहावरनं आठवलं, गाडीवाल्याला मी जूनमध्येच सांगून ठेवलंय की आमची पोरगी पुण्यात कोडिंग शिकते. तो रोज विचारतो. मी रोज चांगलं चाललंय म्हणतो. खोटं बोलतोय असं वाटत नाही मला.

नानांसारखं करू नकोस. एवढंच होतं खरं तर, बाकी सगळं उगाच लिहीत बसलो.

उद्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं भडंग आणि कांदा-लसूण चटणी पाठवतोय, परवा सकाळी स्वारगेटला घे, ड्रायव्हरचा नंबर मम्मी टाकेल. चटणी रूममेटला पण दे.

आणि ते ९.० करून बघ. ९८.६ आलं की स्क्रीनचा फोटो पाठव. नाही आलं तरी पाठव, परत ६९ आलं तर ६९ चा पाठव. मी जागाच आहे.

पप्पा