मे महिन्यात येतोयस तर

बर्न, २८ एप्रिल

प्रिय मिलिंद,

तू मे महिन्यात येतोयस हे वाचून इतका आनंद झाला! फक्त ‘झेरमाटच्या बाजूला आल्प्समधल्या उंच खिंडी चालून काढू’ हा बेत तेवढा सोड. का ते सांगतो.

परवाच स्की तळघरात ठेवल्या. चढताना तळाला चिकटवतो ते स्किन, म्हणजे लवेचे पट्टे, वाळवले आणि गोंदाची बाजू गोंदाला लावून घड्या घातल्या. त्यांच्यावरची लव मागच्या दिशेला झुकलेली असते, त्यामुळे स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. त्यावरून हात फिरवला की अजूनही नवल वाटतं बघ. मग कडांचा गंज काढला, तळाला जाड मेण लावलं. झाला हिवाळा.

हिवाळाभर डावोसच्या हिमसंशोधन संस्थेचं पत्रक बघितल्याशिवाय मी पाऊल उचलत नाही. रोज संध्याकाळी ५ ला येतं, हिमस्खलनाचा धोका १ ते ५ मध्ये सांगतं. वसंतात मात्र सगळा खेळ घड्याळाचा. रात्री आभाळ निरभ्र असलं की बर्फ टणक गोठतो आणि पहाटे त्यावरून खुशाल जाता येतं. ऊन चढलं की पाणी आत मुरतं, थरांची पकड सुटते, अख्खा उतार खाली येऊ शकतो. आधी पूर्वेचे उतार, मग दक्षिणेचे. ढगाळ रात्रीनंतर तर जाऊच नये.

त्यात तू पायी. स्कीवर वजन पसरतं. बुटांवर त्याच बर्फात दुपारी मांडीपर्यंत रुततोस. वाट पूर्ण मोकळी दिसते आणि वळणावर सावलीतल्या घळीत जुना, काचेसारखा टणक बर्फ आडवा पडलेला असतो. खाली कडा असेल तर जीव जायला तेवढी दहा पावलं पुरतात. शिवाय स्कीवाल्यांसाठी मार्चमध्ये उघडलेल्या डोंगरातल्या मुक्कामाच्या झोपड्या मेमध्ये बंद होतात, त्या बऱ्याचशा जूनअखेरीलाच उघडतात.

म्हणून आपण दक्षिण स्वित्झर्लंडमधल्या तिचिनोत जाऊ, वेर्झास्काच्या खोऱ्यात. सोनोन्यो हे शेवटचं गाव जेमतेम ९०० मीटरवर. तिथून नदीकाठानं चेस्टनटच्या रानातून खाली लावेर्तेत्सोच्या दोन कमानींच्या दगडी पुलापर्यंत चालायचं. पाणी हिरवंगार, वितळत्या बर्फाचं. तू पोहायला उतरशील, मी तुला उतरू देणार नाही!

मला हे पायी दिवस फार प्रिय आहेत. जानेवारीत ज्या उतारावरून सपासप खाली आलो, त्यावर दगडी बांध होता, गुरांच्या पाण्याचं कुंड होतं, ओढा होता, हे मला एप्रिलमध्ये चालताना कळलं. बर्फाच्या कडेला जांभळे-पांढरे क्रोकस उगवले होते, काही तर पातळ बर्फ भेदून वर आलेले. मार्मोट, म्हणजे इथल्या डोंगरातल्या गुबगुबीत खारी, बिळाबाहेर येऊन शिट्ट्या घालत होते. इतकी वर्षं त्या जागेवरून जातोय, पण ओळख आत्ता झाली असं वाटलं.

इथं वाटेवरच्या पिवळ्या पाट्यांवर अंतर नसतं, वेळ लिहिलेली असते. आपण गप्पा मारत जाणार, तेव्हा दीडपट धर. सह्याद्रीतले तुझे बूट चालतील, पण तळ झिजला असेल तर नवे घे. ओला दगड फार निसरडा असतो. पावसाळी जाकीट आण, छत्री नको. तारखा नक्की झाल्या की लगेच कळव, सोनोन्योत खोली बघून ठेवतो.

काकूंना नमस्कार.

तुझा,
अवी