मेस्त्रीकाका, खोली पावसाळ्यात टिकली

मेस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

चतुर्थीला तुम्ही आमच्याकडे आरतीला आलात, पण घरात पन्नास माणसं असल्यामुळे निवांत बोलणं झालं नाही. मला बोलायचं होतं ते माझ्या कामाच्या आणि खेळाच्या खोलीबद्दल. तुम्ही तिथे बांधलेल्या टांगत्या टेबलाचा आणि खणांचा पहिला पावसाळा आता सरला आहे, म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितो आहे, कारण घरून काम करणारे आणि त्याच खोलीत मोठा खेळ मांडू पाहणारे आणखीही लोक असतील. तुमच्या हातातून काय उतरलं ते त्यांनाही कळू दे.

खोली दहा बाय बारा. जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, एकच खिडकी. सोमवार ते शुक्रवार तिथे माझं ऑफिस. पुण्याच्या कंपनीचं काम, दोन स्क्रीन, दिवसभर कॉल. आणि रविवारी तिथेच, टेबलावर छोटी जहाजं मांडून खेळायची विजयदुर्गाची लढाई. फेब्रुवारी १७५६. समुद्राकडून इंग्रजांच्या वॉटसनचं आरमार, बरोबर क्लाइव्ह, जमिनीकडून पेशव्यांची फौज आणि मध्ये तुळाजी आंग्र्यांची गुराबं न् गलबतं, म्हणजे मोठी न् छोटी लढाऊ जहाजं. प्रत्यक्षात एक पेटता गोळा आंग्र्यांच्या एका जहाजावर पडला आणि ती आग सगळ्या आरमारात पसरली. आम्ही टेबलावर दर वेळी हेच विचारतो की गुराबं एकमेकांना खेटून नांगरली नसती तर? १:३०० मापाची जहाजं, म्हणजे तीस मीटरचं जहाज दहा सेंटिमीटरचं. फासे, मोजपट्टी, वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण. एक डाव संपायला आम्हाला तीन रविवार लागतात.

अडचण नेमकी तीच होती. अर्धा डाव सोमवारी सकाळी उचलायचा म्हणजे मोडायचाच. फोटो काढून पुन्हा मांडायचं बघितलं, पण जहाजाचा कोन बोटभर बदलला तरी पुढची सगळी तोफांची गणितं चुकतात.

तुमच्याआधी मी शहरातून घडीचं टेबल मागवलं होतं. पहिल्याच जूनमध्ये त्याच्या कडा पोह्यांसारख्या फुगल्या. दुसऱ्या एका कारागिराने खोली बघितली आणि विचारलं, "एवढं खेळण्यासाठी?" त्यानंतर मी कुणाला सांगायचंच सोडलं होतं.

तुम्ही असं काही विचारलं नाहीत. तुम्ही विचारलंत, "खेळताना उभा रवतंस की बसतंस?" मग मला टेबलाच्या एका बाजूला उभं केलंत आणि हात पुढे करायला लावलात. खांदा न वाकवता हात दोन फुटांपर्यंत जातो. म्हणून टेबल चार फूट रुंद, दोन्ही बाजूंनी दोन-दोन फूट हात पोचणारं. जगभर हा खेळ खेळणारे सहा बाय चारचं टेबल वापरतात, हे मी वाचून शिकलो होतो. तुम्ही ते माझ्या हातावरून काढलंत. आणि दोन्हीकडून हात पोचायला हवा तर टेबल भिंतीला लागून चालणार नाही, मधोमधच पाहिजे, हेही त्याच मिनिटात. मधोमध म्हणजे माझी खुर्ची जिथे असते तिथेच.

ती गोष्ट गेल्या वर्षीच्या चतुर्थीच्या आधीची. तुम्ही आमच्या गणपतीची माटवी, म्हणजे मूर्तीच्या वर टांगायची लाकडी चौकट, दुरुस्त करत होतात. चौकट खाली ठेवलेली, आडव्या-उभ्या पट्ट्या खिळवून झालेल्या, कांगण्या, नारळ, सुपाऱ्या बांधायच्या बाकी. तुम्ही तिच्याकडे बघितलंत, मग माझ्या खोलीच्या तुळईकडे आणि म्हणालात, "माटवी कशी टांगतत? तसाच. ह्या वर टांगून ठेवलंस तर खाली जागाच जागा."

काका, मी तीन वर्षं डोकं खपवलं होतं. टेबलाखाली काय ठेवायचं, टेबलावर काय ठेवायचं, हाच विचार. वर बघायचं सुचलं नव्हतं.

पुढे काम तुळशीच्या लग्नापर्यंत चाललं. बाकीचं मी थोडक्यात सांगतो, पण दोरीचं नीट सांगितलं पाहिजे. आधी मी नायलॉनची दोरी आणली होती. चार कोपऱ्यांना चार दोऱ्या, तुळईवरच्या चार कप्प्यांवरून भिंतीवरच्या एकाच रहाटावर, म्हणजे चारही सारख्याच गुंडाळल्या जातात आणि खेळाच्या टेबलाचा फळा सपाट वर जातो. पहिल्या रात्री फळा वर ठेवला आणि सकाळी एक कोपरा इंचभर खाली. नायलॉन ताणलं गेलं होतं. तुम्ही बंदरावर जाऊन पॉलिएस्टरची दोरी घेऊन आलात. ती ताणत नाही, मिठाच्या हवेत कुजत नाही, आणि तारेसारखी गंजतही नाही. वर पोचल्यावर भार दोरीवर राहू नये म्हणून माळ्यावर पडलेल्या आमच्या जुन्या झोपाळ्याच्या पितळी कड्या तुम्ही शोधून काढल्यात. आजीच्या झोपाळ्याच्या कड्या. आता दर रविवारी संध्याकाळी त्या अडकवताना तोच खणखण आवाज येतो.

फळ्याचा वरचा भाग समुद्र, कडेने इंचभर काठ. खालचा भाग तुम्ही पांढरा रंगवून घेतलात आणि त्यात दोन एलईडी पट्ट्या बसवायला लावल्यात. फळा वर गेला की तो खोलीचं छत होतो आणि माझ्या चेहऱ्यावर उजेड पडतो. कॉलवरच्या लोकांना वाटतं मी खास दिवा घेतला आहे. माझ्या डोक्यावर विजयदुर्गाचा वेढा चालू आहे, हे त्यांना ठाऊक नाही. पंखा काढून भिंतीवर लावला तोही तुमच्याच सांगण्यावरून. रविवारी तो बंद ठेवतो, नाहीतर कागदी शिडं उडतात.

आणि खण. मी तुम्हाला सांगितलं होतं की १८१२ मध्ये प्रशियाच्या राजाला राइसविट्झ नावाच्या बॅरनने युद्धखेळ सादर केला तो मुळात एक लाकडी टेबलच होता, आणि त्याच्याच खणांत सगळ्या सोंगट्या, नकाशाचे तुकडे ठेवलेले असत. तुम्ही ऐकून घेतलंत आणि दुसऱ्या दिवशी खिडकीखालच्या माझ्या कामाच्या टेबलाला तीन इंच उंचीचे सहा खण धरलेत. लाकूड आमच्या परसातल्या फणसाचं, मे २०२१ च्या तौक्ते वादळात पडलेल्या. पडवीत रचून ठेवलं होतं, पूर्ण वाळलेलं. पिवळंधमक होतं, आता हळूहळू तपकिरी होतंय.

खण बसवले तेव्हा प्रत्येकाच्या बाजूला रुपयाचं नाणं शिरेल एवढी फट होती. मला ते सैल वाटलं. मी तोंडावर तसं बोललोही. तुम्ही फक्त म्हणालात, "पावसात लाकूड फुगतला, तेका जागा व्हयी." जुलैत, बाहेर धो-धो लागलेली, हवेत एवढी ओल की जहाजांना चिकटवलेल्या सुपरग्लूवर पांढरी पुटं चढत होती, मी खण ओढला. तो नेमका बसला होता, ना सैल ना घट्ट. नाणं आत गेलं नाही. मी सहाही खणांना ते नाणं लावून बघितलं. एकाही खणात शिरलं नाही.

अजून एक सांगतो, तेवढ्यावर थांबतो. काम संपायच्या दिवशी तुम्ही माझं एक गलबत हातात घेतलंत. बांबूच्या काडीची डोलकाठी मी सरळ उभी लावली होती. तुम्ही चष्मा वर केलात, काडी हलकेच उपटलीत, भोक पटाशीच्या टोकाने तिरकं केलंत आणि पुन्हा बसवलीत. "डोलकाठी फुडे झुकलली व्हयी." तुमचे वडील होड्या बांधायचे, हे मला तेव्हा कळलं. त्या रात्री मी बाकीची सगळी गलबतं तशी करून घेतली. तुमच्या हातची एक कुठली ते आता ओळखू येत नाही, आणि त्याचं मला फार बरं वाटतं.

त्या दुरुस्तीचे तुम्ही पैसे घेतले नाहीत, खणांच्या मुठींचेही नाही. हिशेबात तेवढं राहिलंय ते राहू दे, पण माझ्या मनात ते आहे. तुमचे मनापासून आभार, काका. तुमच्यामुळे मी दोन्ही गोष्टी पूर्ण मनाने करतो, काम आणि खेळ, आणि एकासाठी दुसऱ्याला आवरून ठेवायची वेळ येत नाही.

सध्या फळा वर आहे. तुळाजींची सात गुराबं वाघोटन खाडीच्या तोंडाशी मोकळी नांगरलेली आहेत आणि पुढची चाल आमची आहे. या रविवारी दुपारी चारला फळा खाली उतरवतो. तुम्ही या. रहाटाची दांडी तुमच्याच हातात देईन.

तुमचा,
देवगडकडच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीतला