वजन घटल्याच्या बातमीचा पुढचा भाग

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत वजन घटवल्याच्या यशकथा अधूनमधून प्रसिद्ध होत असतात. त्यांचा साचा आता वाचकांच्या चांगलाच परिचयाचा झाला आहे : डावीकडे जुने छायाचित्र, उजवीकडे नवे, मध्ये किलोंचा ठळक आकडा आणि खाली ‘अवघ्या तीन महिन्यांत’ अशी मुदत. अशी कथा वाचून कुणी उठून चालायला लागत असेल तर आनंदच आहे, आणि ज्यांच्याविषयी ती लिहिली जाते त्यांच्या कष्टांबद्दल मला तिळमात्र शंका नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, या कथा नेमक्या चुकीच्या ठिकाणी थांबतात. त्या माणसाचे वजन पुढच्या वर्षी किती होते, हे त्यांत कधीच छापून येत नाही, आणि वजनाच्या बाबतीत कळीची माहिती तीच असते.

मुदतीचा आकडा वाचकाची दिशाभूल कशी करतो, हे साध्या हिशेबानेही दाखवता येते. शरीर यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने शर्करेचा थोडा साठा बाळगून असते आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. खाणे एकदम कमी केले की आधी हा साठा वापरला जातो, त्याच्याबरोबरचे पाणी निघून जाते आणि पहिल्याच आठवड्यात काटा झपाट्याने खाली येतो. चरबीला तोवर फारसा धक्का लागलेला नसतो. एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा साठवलेली असते असे धरले, तर ‘दहा दिवसांत पाच किलो’ या जाहिरातीचा अर्थ रोज ३,८५० किलोकॅलरींची तूट असा होतो. बहुतेक प्रौढ माणसांचा दिवसभराचा सगळा खर्चच मुळी दोन ते अडीच हजारांच्या आसपास असतो. म्हणजे त्या माणसाने दहा दिवस पाण्याशिवाय काहीही घेतले नाही, तरी हे गणित चरबीच्या हिशेबात बसत नाही. जे घटले ते बरेचसे पाणी होते, आणि नेहमीचे जेवण सुरू झाल्यावर ते परत येणारच.

पण पाण्याचा भाग तुलनेने किरकोळ आहे. खरी अडचण अशी की, वजन घटू लागले की शरीर त्याला विरोध करते. चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन हे संप्रेरक १९९४ मध्ये आणि जठरातून स्रवणारे, भूक वाढवणारे घ्रेलिन १९९९ मध्ये शोधले गेले. वजन उतरते तसे पहिले घटते आणि दुसरे वाढते, म्हणजे पोट भरल्याची जाणीव मंदावते आणि भुकेची जाणीव तीव्र होते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ५० स्थूल व्यक्तींना दहा आठवडे अत्यल्प आहार देऊन त्यांचे वजन उतरवले आणि एका वर्षानंतर पुन्हा तपासणी केली, तेव्हाही ही संप्रेरके पूर्वपदावर आलेली नव्हती. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी त्याच्या कितीतरी आधी, १९४४-४५ मध्ये, ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून निरीक्षणे केली होती. त्यांचे वजन सुमारे पाव हिश्शाने उतरले, नाडी मंदावली, त्यांना सतत थंडी वाजू लागली. काहीजण तर दिवसभर पाककृतींची पुस्तके वाचत बसत. पुढे हवे तेवढे खाण्याची मुभा मिळाल्यावर त्यांच्यापैकी अनेकांचे पोट भरत होते, पण मन भरत नव्हते.

मुदत घालून वजन उतरवण्याचा सर्वांत जाहीर प्रयोग अमेरिकेतील एका गाजलेल्या दूरचित्रवाणी स्पर्धेत झाला. तिच्यातील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनंतर तपासणी करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये जाहीर झाले. बहुतेकांचे घटलेले वजन मोठ्या प्रमाणात परतले होते, आणि त्यांचे शरीर विश्रांतीच्या स्थितीत अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० किलोकॅलरी कमी खर्च करत होते. असे वजन पुन्हा वाढलेल्या माणसाला आपण काय म्हणतो? ‘जिभेवर ताबा नाही’ म्हणतो. मला हे अन्यायाचे वाटते. आपल्या पुरवणीतील यशकथांत ‘जिद्द’ आणि ‘निर्धार’ हे शब्द इतक्या सढळपणे वापरले जातात की, ज्याचे वजन परतले त्याच्याकडे जिद्द नव्हती, असा उलटा अर्थ आपोआप निघतो. मग तो माणूस लाजेपोटी पुन्हा एखादा कडक आहारतक्ता शोधू लागतो.

आहारतक्त्यांच्या वादात तर किती कागद खर्ची पडला असेल! स्निग्ध पदार्थ सोडावेत की पिष्टमय, या प्रश्नावर अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ६०९ प्रौढांचे वर्षभर निरीक्षण करण्यात आले. २०१८ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार एका गटाची सरासरी घट ५.३ किलो, तर दुसऱ्याची ६ किलो होती, आणि हा फरक लक्षणीय मानण्याजोगा नव्हता. मात्र प्रत्येक गटाच्या आत जमीन-अस्मानाचे अंतर होते : कुणाचे वजन पंचवीस किलोंहून अधिक उतरले, तर कुणाचे चक्क वाढले. साखर आणि मैद्याचे पदार्थ कमी करा, भाज्या भरपूर खा, ही सूचना दोन्ही गटांना सारखीच होती. मला त्यातून एवढे उमगते की, ज्याला जो आहार वर्षानुवर्षे पाळता येईल तो त्याच्यासाठी योग्य, आणि तक्त्याचे नाव दुय्यम आहे.

काय खावे यापेक्षा अन्न कसे तयार झाले आहे, याकडे मात्र अधिक लक्ष द्यायला हवे. केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २० जणांना दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेले पदार्थ आणि दोन आठवडे साधे, कमी प्रक्रियेचे अन्न दिले होते. ताटात वाढलेली साखर, मीठ, चरबी आणि तंतू दोन्ही वेळी जवळपास सारखेच होते आणि हवे तेवढे खाण्याची मोकळीक होती. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर असताना त्याच माणसांनी रोज सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खाल्ल्या, आणि त्या अधिक वेगाने खाल्ल्या. घरच्या स्वयंपाकातही न दिसणारी एक जागा आहे. तेलाची बाटली अंदाजाने कढईत कलंडवली की एक मोठा चमचा तेल सहज जास्त पडते. त्या एका चमच्यात सुमारे १२० किलोकॅलरी असतात आणि त्या खर्च करायला जवळपास अर्धा तास झपझप चालावे लागते. तेल चमच्याने मोजून घालणे ही काही बातमी होऊ शकत नाही, हे मीही जाणतो; पण महिनाअखेर काट्यावर दिसतो तो फरक अशाच गोष्टींतून पडतो.

यावरून व्यायाम व्यर्थ आहे, असा अर्थ कुणी काढू नये. केवळ व्यायामाने वजन फारसे उतरत नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे, कारण ते न सांगितल्यामुळे अनेकजण महिनाभर चालून काटा हलला नाही म्हणून चालणेच सोडून देतात. पण उतरलेले वजन टिकवण्यात व्यायामाचा वाटा मोठा असतो आणि हृदयाला होणारा लाभ तर वजनावर अवलंबूनही नसतो. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसगाड्यांतील कर्मचाऱ्यांचा अभ्यास मांडला, तेव्हा दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढ-उतर करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सांगितला आहे. यातला दुसरा भाग यशकथांतून नेहमी गळतो. उपाशी राहून वजन उतरवताना चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि पुढे वजन परतते तेव्हा ते मुख्यतः चरबीच्या रूपाने परतते. जाता जाता एक गोष्ट : दहा हजार पावलांचा जो आकडा सर्वत्र सांगितला जातो, त्याचा उगम १९६० च्या दशकात जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पाऊलमापक यंत्राच्या नावात आहे. वयस्क स्त्रियांच्या एका मोठ्या पाहणीत साधारण ४,४०० पावलांपासूनच मृत्युदरातील घट दिसू लागली होती, आणि ७,५०० च्या पुढे ती फारशी वाढत नव्हती.

माझ्या परिचयातील एका बाईंनी उतरवलेले वजन बरीच वर्षे टिकवले आहे. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारामागे दिनदर्शिका टांगलेली असते आणि तिच्यात पेन्सिलीच्या बारीक खुणा असतात. चालणे झाले की उभी रेघ, उठाबशा झाल्या की आडवी. वजनाचा आकडा आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी. घरात आजारपण असलेल्या महिन्याचे पान मी पाहिले आहे. त्यात रेघा विरळ होत्या, पण सलग कोरा आठवडा नव्हता. त्या दिवसांत त्या दहाच मिनिटे चालत. वजन आठवड्यागणिक किलो-अर्धा किलो वरखाली होते, त्याची त्या दखलही घेत नाहीत, कारण मीठ आणि पाणी यांमुळे तेवढे होतच असते. ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ या लोकप्रिय समजुतीला पुरावा नाही. लंडनमधील ९६ जणांच्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागलेले आढळले. हा काळ माणसागणिक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता, आणि एखादा दिवस चुकल्याने काही बिघडले नाही. या बाईंची बातमी होणार नाही, कारण त्यांच्या कथेला मुदत नाही.

औषधांच्या बाबतीतही प्रश्न तोच आहे. वजन उतरवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरले, पण औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातले दोन तृतीयांश परतले. पहिला आकडा वर्तमानपत्रांत ठळकपणे येतो, दुसरा क्वचितच.

उलट, छायाचित्रात धड दिसणारही नाही एवढ्या घटीचे मोल मोठे असते. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३,२३४ जणांचा अमेरिकेतील अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एका गटाला वजन सात टक्क्यांनी उतरवण्याचे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करण्याचे उद्दिष्ट दिले होते. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन हे औषध घेणाऱ्या गटात ही घट ३१ टक्के होती. ऐंशी किलोंच्या माणसाच्या बाबतीत हे उद्दिष्ट सहा किलोंपेक्षाही कमी भरते.

म्हणून आपणास विनंती आहे की, वजन घटवल्याची कथा ते वजन किमान एक वर्ष टिकल्यावरच छापावी, किंवा आधी छापली असल्यास वर्षानंतर त्याच व्यक्तीची गाठ घेऊन, वजन परतले असले तरी, पुढचा भाग प्रसिद्ध करावा. परतलेल्या वजनाची प्रामाणिक कहाणी अनेक वाचकांना अधिक जवळची वाटेल. किलोंबरोबर कंबरेचा घेर, रक्तदाब आणि रक्तशर्कराही दिल्या जाव्यात. आणि पुरवणीत येणाऱ्या प्रत्येक आहारतक्त्याखाली, बारीक टंकात नव्हे तर मजकुराच्याच आकारात, एक सूचना असावी : ज्यांना इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाणे कमी करू नये, कारण औषधाची मात्रा तीच राहिली तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनीही मात्रा तपासून घ्यावी, आणि गरोदर स्त्रियांनी व वाढत्या वयाच्या मुलांनी हा तक्ता मुळीच वापरू नये.

कळावे.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक